जलमग्न गुहेंतील शांति

मनुष्याच्या मनांत फार जुन्या अशा तीन भीती आहेत: अंधाराची, कोंडलें जाण्याची आणि बुडण्याची. दिवा मालवतांच लहान मूल आईचा पदर धरतें. धीट गृहस्थही दोन मजल्यांच्या मध्यें बंद पडलेल्या लिफ्टमध्यें घामाघूम होतो. पट्टीचा पोहणाराही अनोळखी डोहांत उडी टाकण्यापूर्वीं क्षणभर थबकतो. या तिन्ही भीती एकाच वेळीं जेथें भेटतात असें एक स्थान पृथ्वीवर आहे. पाण्यानें छतापर्यंत भरलेली गुहा हें तें स्थान होय. तेथें सूर्याचा किरण पोंचत नाहीं, डोक्यावर हवा नसून दगड असतो, आणि पाठीवरच्या नळकांड्यांतील हवा संपली कीं सर्व संपलें. असें असूनही अशा गुहांत आपण होऊन शिरणारे पाणबुडे जगांत आहेत. आणि बाहेर आल्यावर ते जें सांगतात त्यांत सौंदर्य व शांति हे दोन शब्द वारंवार येतात. भीतीच्या माहेरघरीं शांति कशी नांदते, हें कोडें उलगडून पाहण्यासारखें आहे.

पिंपरीच्या रहिवाशाला हा विषय प्रथमदर्शनीं दूरचा वाटेल. पवना नदी, तिच्यावरील रावेतचा बंधारा, तेथून पंपांनीं उचललें जाऊन निगडीस शुद्ध होणारें आणि मग घरोघर येणारें पाणी, एवढाच त्याचा पाण्याशीं नित्याचा व्यवहार. परंतु पंप, झडप, दाबमापक आणि कॉम्प्रेसर हे शब्द ज्या गांवांत रात्रीच्या जेवणाच्या वेळीं सहज कानावर पडतात, तेथें हा विषय समजावून सांगणें सोपें जातें. कारण जलमग्न गुहेंत मनुष्य जिवंत राहतो तो याच वस्तूंच्या आधारें. शिवाय २०१८ सालीं थायलंडांतील एका गुहेच्या तोंडाशीं महाराष्ट्रांतले पंपांचे जाणकार जाऊन उभे राहिले होते. ती हकीकत पुढें येईल.

प्रथम अशी गुहा होते कशी, हें पाहिलें पाहिजे. पिंपरीहून लोणावळ्याच्या लोकलनें मळवलीस उतरलें म्हणजे एका अंगास कार्ल्याचीं आणि दुसऱ्या अंगास भाज्याचीं लेणीं लागतात. तीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं माणसांनीं छिन्नी-हातोड्यानें कोरलीं, निसर्गानें नव्हे. सह्याद्रि हा लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या दगडाचा आहे, आणि तो दगड पाण्यांत सहजीं विरघळत नाहीं. चुनखडीचा दगड मात्र विरघळतो. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कार्बन डायॉक्साइड वायु शोषून घेतें. त्यामुळें तें किंचित् आम्ल होतें. असें पाणी चुनखडीच्या भेगांतून हजारों वर्षें झिरपत राहिलें म्हणजे भेगेचा बोळ होतो आणि बोळाचें दालन होतें. मेघालयांतील गुहा, आंध्रांतील बेलमची गुहा आणि बस्तरांतील कुटुमसरची गुहा या अशाच झाल्या. पुढें भूमिगत पाण्याची पातळी चढली किंवा समुद्र वर आला, तर हीं दालनें पाण्यानें भरून जातात.

जगांतील अशा गुहांपैकीं फार मोठ्या गुहा मेक्सिको देशाच्या युकातान द्वीपकल्पांत आहेत. तेथील रानांत जागोजाग जमीन खचून गोल विहिरी झालेल्या असून त्यांस सेनोते म्हणतात. वरून पाहणाऱ्यास त्या महाराष्ट्रांतील एखाद्या प्रशस्त बारवेसारख्या दिसतात. परंतु पायऱ्या संपतात तेथें बारव संपते, आणि सेनोतेची खरी सुरुवात तळाशींच होते. तळाच्या एका कोपऱ्यांतून भुयारें निघतात व तीं मैलोगणती पसरत जातात. २०१८ च्या जानेवारींत तेथील दोन प्रचंड गुहा एकमेकींस आंतून जोडलेल्या असल्याचें पाणबुड्यांनीं सिद्ध केलें, तेव्हां त्या संयुक्त मार्गाची मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर भरली.

या भुयारांत विजेरीचा झोत टाकला म्हणजे छतापासून लोंबणारीं चुनखडीचीं झुंबरें आणि जमिनीवरून वर आलेले स्तंभ दिसूं लागतात. येथें विचारी मनुष्यास एक प्रश्न पडावा. अशीं झुंबरें होतात तीं थेंब थेंब पाणी हवेंतून गळत राहिल्यानें. पाण्याच्या पोटांत थेंब गळावा कसा? याचा अर्थ असा कीं या गुहा एके काळीं कोरड्या होत्या. गेल्या हिमयुगांत पृथ्वीवरचें पुष्कळसें पाणी बर्फाच्या रूपानें साठून राहिल्यामुळें समुद्र आजच्यापेक्षां शंभर मीटरांहून अधिक खालीं होता. बर्फ वितळलें, समुद्र चढला आणि गुहा बुडाल्या. २००७ सालीं ओयो नेग्रो नांवाच्या तेथील एका विवरांत पाणबुड्यांस एका मुलीच्या अस्थि सांपडल्या. ती बारा ते तेरा हजार वर्षांपूर्वींची, पंधरा-सोळा वर्षांची असावी, असें शास्त्रज्ञांनीं ठरविलें. जी जागा आज पाणबुड्यावांचून कोणास गांठतां येत नाहीं, तेथें ती मुलगी पायीं चालत गेली होती.

पाण्याचें रूपही तेथें निराळें. वारा नाहीं, लाट नाहीं, शेवाळें वाढावयास ऊन नाहीं. म्हणून पाणी इतकें निवळशंख राहतें कीं तें आहे हेंच डोळ्यास कळत नाहीं आणि पाणबुड्यास आपण हवेंत तरंगत असल्यासारखें वाटतें. समुद्राजवळच्या गुहांत गोडें पाणी वर व खारें पाणी खालीं राहतें. दोहोंच्या सीमेवर प्रकाश वांकतो, आणि पाण्याच्या आंत आणखी एका तळ्याचा पृष्ठभाग चकाकत असल्याचा भास होतो. आवाज म्हटला तर स्वतःच्या श्वासाचा तेवढा. हें सौंदर्य खरें आहे. मात्र तें फार नाजुक आहे. तळावर शतकानुशतकें पिठासारखा मऊ गाळ बसलेला असतो. पायाचा एक फटकारा चुकीचा बसला कीं तो गाळ उसळतो आणि क्षणापूर्वीं स्फटिकासारखें असलेलें पाणी दुधासारखें होतें. मग हातांतील प्रखर विजेरीही व्यर्थ. नाकासमोर धरलेला हात दिसत नाहीं.

आतां भीतीकडे वळावें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तारकर्लीस समुद्रांत बुडी मारण्याचें शिक्षण मिळतें, आणि मालवणच्या समुद्रांत प्रवाळ पाहावयास पुष्कळ हौशी मंडळी उतरतात. तेथेंही धोका आहे. पण कांहीं बिघडलें तर मनुष्यास जाण्यास एक दिशा सदैव मोकळी असते, ती म्हणजे वर. गुहेंत ती दिशाच नाहींशी झालेली असते. आंत शंभर मीटर गेलेल्या पाणबुड्यास हवा हवी असेल तर शंभर मीटर मागेंच यावें लागतें. म्हणून समुद्रांतील उत्तम पाणबुड्यानेंही गुहेचें स्वतंत्र शिक्षण घेतल्यावांचून आंत पाऊल टाकूं नये, असा दंडक आहे.

या शास्त्रांतील पहिला विषय म्हणजे हवेचें अंकगणित. बारा लिटर मावणाऱ्या नळकांड्यांत वातावरणाच्या २०० पट दाबानें हवा भरली तर ती पृष्ठभागावरच्या मापानें २,४०० लिटर होते. स्वस्थपणें पोहणारा मनुष्य मिनिटास सुमारें २० लिटर हवा घेतो, असें धरूं या. यावरून नळकांडें दोन तास पुरावें. परंतु पाण्यांत दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि छाती फुलावी म्हणून तोंडांतील झडपेला भोंवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा पुरवावी लागते. वीस मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून खर्चही तिप्पट, म्हणजे मिनिटास ६० लिटर. दोन तासांचीं चाळीस मिनिटें झालीं. आणि मनुष्य घाबरला तर श्वास दुपटीनें चालतो. चाळिसाचीं वीस झालीं. भीति किती महाग पडते, याचा हिशेब असा आंकड्यांत मांडतां येतो.

या गणिताचा नियम बसविणाऱ्यांत अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानचे शेक एक्सली हे प्रमुख होत. आणि ते पेशानें हायस्कूलांतील गणिताचे शिक्षक होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गुहांत दगावलेल्या पाणबुड्यांच्या हकीकती त्यांनीं जमविल्या, प्रत्येक अपघातांत कोणती चूक झाली तें तपासलें, आणि १९७९ सालीं त्यावर एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केलें. बहुतेक मृत्यूंच्या मुळाशीं तीनच चुका असल्याचें त्यांस आढळलें: दाराशीं परत नेणारी अखंड दोरी नसणें, परतीसाठीं पुरेशी हवा राखून न ठेवणें आणि प्रमाणाबाहेर खोल जाणें. तीस मीटरांच्या खालीं श्वासांतील नायट्रोजनाचा दाब वाढून मद्याच्या अंमलासारखी गुंगी येऊं लागते, व विचार ढिला पडतो. हा खोलीचा धोका एक्सलींस कोणाहूनही अधिक ठाऊक होता. तरीही ६ एप्रिल १९९४ रोजीं मेक्सिकोंतील साकातोन या विवरांत खोलीचा विक्रम करण्याच्या प्रयत्नांत त्यांचा अंत झाला. त्यांचे नियम मात्र आजही हजारोंचे प्राण राखीत आहेत.

हवेचा नियम तिसऱ्या हिश्शाचा आहे. एक तृतीयांश हवा आंत जाण्यास, एक तृतीयांश परत येण्यास, आणि उरलेली एक तृतीयांश संकटासाठीं. वरच्या उदाहरणांत ८०० लिटर हवा सुमारें तेरा मिनिटांत संपते. म्हणजे पुढें कितीही रम्य दालन दिसत असलें तरी चौदाव्या मिनिटास पाणबुड्याचें तोंड दाराकडे वळलेलें असलें पाहिजे. राखीव हिस्सा केवळ स्वतःचा नसतो. सोबत्याचें नळकांडें बिघडलें तर दोघांस त्या हवेवर बाहेर यावें लागतें. विजेऱ्या तीन घ्यावयाच्या, कारण एक विझेल आणि दुसरीही विझूं शकेल. दोरीवर बाणाच्या आकाराच्या खुणा अडकविलेल्या असतात व त्यांचें टोंक बाहेरच्या वाटेकडे असतें. म्हणजे आंधळ्या गाळांतही बोटांनीं चांचपून वाट कळते. बुडत्याला काडीचा आधार, अशी म्हण आहे. गुहेंत ती काडी बुडूं लागल्यावर शोधावयाची नसून दाराशींच बांधून हातांत धरावयाची असते.

एवढी सिद्धता झाली तरी मन उरतेंच. भय वाटलें कीं श्वास जलद व उथळ होतो. उथळ श्वासानें शरीरांतला कार्बन डायॉक्साइड नीट बाहेर पडत नाहीं. तो सांठला कीं गुदमरल्यासारखें वाटतें. गुदमरल्यासारखें वाटलें कीं भय वाढतें. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे नळकांड्यांत हवा असूनही मनुष्य बुडतो. तें थांबविण्याचा उपाय एकच: जागच्या जागीं थांबणें, दोरी धरणें, आणि श्वास सावकाश पूर्णपणें बाहेर सोडणें. उच्छ्वास लांबला कीं नाडी किंचित् मंद होते व डोकें चालूं लागतें. हें ज्ञान महाराष्ट्रास नवें नाहीं. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापिलें तें योगक्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेंत तपासण्यासाठींच. फरक एवढाच कीं पाण्यांत कुंभक वर्ज्य आहे. नळकांड्यांतील दाबाची हवा छातींत कोंडून मनुष्य थोडाही वर आला तर ती हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटूं शकतें. रेचक आणि पूरक, हीं दोनच अंगें तेथें चालावयाचीं, आणि त्यांची लय तुटूं द्यावयाची नाहीं.

या सर्व विद्येची अत्यंत कठीण परीक्षा २०१८ च्या जून-जुलै महिन्यांत झाली. थायलंडच्या चिआंग राय प्रांतांत थाम लुआंग नांवाची दहा किलोमीटरांहून लांब चुनखडीची गुहा आहे. २३ जून रोजीं फुटबॉल खेळणारे बारा मुलगे व त्यांचे पंचवीस वर्षांचे सहाय्यक शिक्षक एक्कापोल हे सहज फिरावयास म्हणून आंत गेले. लहानांत लहान मुलगा अकरा वर्षांचा होता. पावसानें गुहेंत पाणी भरलें आणि वाट बुडाली. नऊ दिवस त्यांनीं अन्नावांचून, भिंतीवरून ठिबकणारें पाणी पिऊन काढले. एक्कापोल यांचीं पूर्वायुष्यांतील कित्येक वर्षें बौद्ध मठांत गेलीं होतीं. त्यांनीं मुलांस ध्यान करावयास शिकविलें. २ जुलै रोजीं रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन हे दोन इंग्रज पाणबुडे गढूळ पाण्यांतून वाट काढीत, तोंडापासून सुमारें चार किलोमीटर आंत एका उंचवट्यावर पोंचले, तेव्हां तेराही जण जिवंत होते.

सांपडणें निराळें आणि सुटणें निराळें. दालनांतील प्राणवायूचें प्रमाण नेहमींच्या २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत उतरलें. हवेचीं नळकांडीं आंत पोंचवून परतणारे थाई नौदलाचे माजी सैनिक समान कुनान हे ६ जुलैच्या पहाटे पाण्यांतच बेशुद्ध होऊन मरण पावले. बाहेर पाणी उपसण्याचें काम अहोरात्र चालूं होतें. डोंगरावरून गुहेंत उतरणारे ओढे अडवून दूर वळविण्यांत आले. उपसलेलें पाणी खालच्या भातशेतांत शिरून पिकें बुडालीं, आणि कित्येक शेतकऱ्यांनीं त्याची भरपाई घेण्यास नकार दिला. भारतीय वकिलातीच्या सूचनेवरून पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीचे तज्ज्ञ जुलैच्या पहिल्या आठवड्यांत तेथें दाखल झाले व उपशाच्या कामांत सल्ला देऊं लागले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या माळावर उभ्या केलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांत चार पंप विमानानें धाडण्याच्या तयारीनें ठेवण्यांत आले होते. त्या कामांत शौर्याचा देखावा नव्हता. गुहेंतील वाटा अरुंद व काटकोनांत वळणाऱ्या, आणि पाऊस थांबत नव्हता; तेथें पाण्याची पातळी कांहीं बोटें उतरविणें आणि ती पुन्हां चढूं न देणें, हेंच यश होतें.

मुलांस बुडी मारतां येत नव्हती, आणि घाबरलेला एक मुलगा स्वतःसह पाणबुड्याचाही प्राण घेऊं शकला असता. म्हणून रिचर्ड हॅरिस या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनीं, जे स्वतः भूल देण्याच्या शास्त्रांत आणि गुहेंतील बुडींत निष्णात होते, प्रत्येक मुलास केटामाइन हें औषध टोंचून निद्रिस्त केलें. तोंडावर संपूर्ण चेहरा झांकणारा मुखवटा बसवून, एकेका मुलास एकेका पाणबुड्यानें एका हातानें धरलें आणि दुसऱ्या हातानें दोरी धरली. पाण्यांत दिसत कांहींच नव्हतें. ८ जुलै रोजीं चार, ९ रोजीं चार आणि १० रोजीं पांच, असे तेराही जण जिवंत बाहेर आले. मुलांची शांति औषधाची होती. ती त्यांस उसनी देणारे मात्र पूर्ण जागे होते. शेवटचा मुलगा बाहेर आल्यावर कांहीं तासांतच मुख्य पंप बंद पडला आणि पाणी भराभर चढूं लागलें. ज्या पंपाकडे त्या तीन दिवसांत जगाचें फारसें लक्ष नव्हतें त्याची किंमत तेव्हां कळली.

परंतु पंप, पाणबुडे आणि धैर्य असलें कीं यश येतेंच, असें मात्र नाहीं. त्याच वर्षीं १३ डिसेंबर रोजीं मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांत क्सान येथें एका बेकायदा कोळशाच्या खाणींत पाणी घुसून पंधरा मजूर अडकले. खाण म्हणजे सुमारें ३७० फूट खोल उभें विवर आणि त्याच्या तळाशीं माणूस सरपटत जाईल एवढींच बिळें. किर्लोस्करांचे पंप येथेंही गेले, नौदलाचे पाणबुडेही गेले. परंतु उपसावें तितकें पाणी पुन्हां येई, आणि तें उतरल्यावांचून पाणबुड्यांस आंत जाणें शक्य नव्हतें. पुढें यंत्राच्या साहाय्यानें दोन मृतदेह हातीं लागले आणि मार्च १९१९ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या, सर्व साधनें उपलब्ध असलेल्या २०१९ च्या मार्चमध्यें शोध थांबविण्यांत आला. त्या मजुरांस आंत जाण्यापूर्वीं ना कोणी दोरी दिली होती, ना परतीच्या हवेचा हिशेब कोणी मांडला होता. पोटासाठीं अंधारांत उतरणाऱ्या माणसांस ती सोय मिळत नाहीं, आणि हौसेनें उतरणाऱ्यांस ती मिळते, हा विचार या विषयांतील सर्वांत कटु विचार आहे.

यावरून आरंभींच्या कोड्याचें उत्तर मिळतें. जलमग्न गुहेंतील शांति ही निर्भयपणाची शांति नव्हे. ज्यास भय वाटत नाहीं असा पाणबुडा सोबत घेऊं नये, असेंच त्या विद्येंतील जुने जाणते सांगतील. भय तेथें नाहींसें होत नाहीं. त्यास काम नेमून दिलेलें असतें. बुडण्याचें भय हवेचे हिस्से करतें, अंधाराचें भय तिसरी विजेरी बांधतें, कोंडलें जाण्याचें भय दोरीची गांठ दोनदां तपासतें. हीं कामें दाराशींच पुरीं झालीं म्हणजे आंत गेल्यावर मनास करण्यासारखें एकच उरतें, तें म्हणजे पाहणें. आणि हजारों वर्षें कोणी न पाहिलेलीं झुंबरें त्यास दिसतात. पिंपरीच्या घरांतून सकाळीं यंत्रावर कामास जाणारा मनुष्य झडप आणि दाबमापक हीं आधीं तपासून मगच कळ दाबतो. त्यासही तोच नियम ठाऊक आहे. आणि संध्याकाळीं तो सुखरूप घरीं येतो याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्या नियमासच आहे.